निरोपाची वावडी

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ती कोणत्या राजाच्या राज्यात घडली हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. एक डोंगर होता आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी एक तळं होतं, एवढं मात्र सगळे सांगतात.

डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. तिथं वारा म्हणून थांबत नसे. बायका धुणं वाळत घालताना प्रत्येक कपड्याला गाठ मारत, आणि दोन माणसं बोलायला उभी राहिली तर एकमेकांच्या कानाशी तोंड नेत. असल्या गावाला पतंगाचं वेड असणारच. त्यांचा आवडता खेळ म्हणजे नाचरी वावडी. वावडी म्हणजे मोठा पतंग. पण हिला एक नव्हे, दोन दोऱ्या. एक उजव्या हातात, एक डाव्या. उजवी ओढली की वावडी उजवीकडे वळायची, डावी ओढली की डावीकडे. ज्याला साधलं तो तिला गिरक्या घ्यायला लावायचा, थेट जमिनीकडे झेपावू द्यायचा आणि गवताला पोट टेकायच्या आत पुन्हा आभाळात उचलायचा.

गावात हे सगळ्यांत जास्त साधलं होतं हैबतीला. त्याची वावडी आभाळात चढली की लोक हातातली कामं टाकून माना वर करत. एकदा राजाचा सरदार त्या वाटेनं चालला होता, तोही घोडा थांबवून बघत राहिला आणि जाताना अंगावरचा शेला हैबतीच्या खांद्यावर टाकून गेला. तेव्हापासून हैबतीचं चालणंच बदललं. लोक म्हणत, "वारा याचं ऐकतो." आणि तो ते हसून मान्य करी.

हैबतीला एकच थोरली बहीण होती, चंद्राक्का. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच त्याला वाढवलं होतं. ती खाली तळ्याकाठच्या गावात दिली होती. तिथं सगळंच वेगळं. तळ्याभोवती उंच झाडी, त्यामुळं वारा यायचा तो गाळून, चोरपावलांनी यायचा. कधी पिंपळाचं एखादं पान हलवायचा आणि दमून बसायचा.

त्या वर्षी अक्काचा नवरा परगावच्या बाजाराला गेला आणि तिथंच तापानं गेला. घरच्यांची भेट नाही, शेवटचा शब्द नाही. घरी त्याची म्हातारी आई होती. ती रोज उंबऱ्यात बसून म्हणायची, "न सांगता गेला गं माझा लेक."

तळ्याकाठच्या गावात एक रीत होती. वर्षभरात ज्याच्या घरचं माणूस गेलं असेल, त्यानं चैत्रातल्या एका सकाळी तळ्याशेजारच्या माळावर नाचरी वावडी उडवायची. गेलेल्या माणसाच्या कापडाचा तुकडा तिच्यावर शिवायचा. वावडी वर जायची, मग घरच्यांसमोर खाली वाकायची आणि पुन्हा वर उठायची. गेलेल्यानं निरोप घेतला असं लोक मानत. कुणाची वावडी वाकलीच नाही तर शाप लागायचा नाही, संकट यायचं नाही. पण त्या घरात वर्षभर कुणी मोकळं हसायचं नाही.

हैबती त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आपली वावडी घेऊन खाली उतरला. अक्कानं त्याला पाणी दिलं. भिंतीला एक वावडी टेकवून ठेवली होती, पातळ, फिकट, बोरूसारख्या बारीक काड्यांची.

"ही तुझ्या दाजींनी केलेली," अक्का म्हणाली. "मला त्यांनीच शिकवलं होतं. उद्या मीच उडवीन म्हणते."

हैबतीनं ती उचलून पाहिली आणि हसला. "अक्का, हे कांद्याचं साल आहे की वावडी? फुंकर मारली तर फाटेल. आणि माझ्यासारखा भाऊ असताना तू माळावर उभी राहणार? लोक मला काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. इथला वारा तुझ्या ओळखीचा नाही रे."

"वारा तो वाराच. तू काळजी करू नकोस."

उंबऱ्यातून म्हातारी म्हणाली, "अगं, एवढा नावाजलेला भाऊ आलाय, त्यालाच उडवू दे. माझ्या लेकाचा निरोप तरी थाटात होऊ दे."

सासूला अक्का आत्याबाई म्हणायची आणि तिचा शब्द मोडायची नाही. तिनं नवऱ्याच्या मुंडाशाचा तुकडा काढला आणि भावाच्या जाड, भारी वावडीवर बारीक टाक्यांनी शिवून दिला. शिवताना तिचे डोळे भरून येत होते, ते हैबतीनं पाहिलं नाही. तो शेजाऱ्यांना सरदाराच्या शेल्याची हकिकत सांगत होता.

सकाळी सगळा गाव माळावर जमला. झाडांची पानं किंचित हलत होती, इतकाच वारा. दोन घरांच्या वावड्या आधी उडाल्या. उडवणारे मागं मागं चालत होते, मग पुढं येत होते. हैबतीला त्यांचं हसू आलं. हे उडवतात की फेऱ्या मारतात, असं त्याच्या मनात आलं.

मग त्याची पाळी आली. त्यानं पाय रोवले, दोन्ही दोऱ्या ताणल्या आणि डोंगरावर ओढायचा तसा हिसका दिला. वावडी माणसाच्या उंचीभर उठली, डोलली आणि जमिनीवर आपटली. लोक थांबले. त्यानं पुन्हा हिसका दिला. या वेळी ती थोडी जास्त वर गेली. दोऱ्या सैल पडताहेत असं वाटताच त्यानं जीव खाऊन ओढल्या. वावडीनं मान टाकली, कडेनं घसरली आणि तळ्याकाठच्या चिखलात तोंडावर पडली. मुंडाशाचा तुकडा काळा झाला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर हैबतीला सोपं गेलं असतं. सगळे फक्त बघत होते, आणि म्हातारी पुढं वाकून विचारत होती, "काय झालं? वाकली का? हाच का निरोप?"

हैबतीनं काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुकडा वाकडा शिवलाय. एका अंगाला भार आला, तोल गेला. मी तरी काय करणार?"

सगळ्यांचे डोळे अक्काकडे वळले.

अक्कानं भावाकडे एकदाच पाहिलं. लुगडं वर खोचून ती चिखलात उतरली आणि वावडी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली, लहान मूल आणावं तशी. म्हातारी तिला म्हणाली, "एवढा एक टाका धड घालता आला नाही तुला? माझ्या लेकासाठी?"

हैबतीनं ते ऐकलं. तेव्हा बोलायला वेळ होता. दोन पावलं पुढं होऊन एक वाक्य बोलायचं होतं. तो दोऱ्या गुंडाळत राहिला.

त्याच दुपारी तो डोंगर चढला. वरच्या लोकांनी विचारलं, "कसा झाला निरोप?" तो म्हणाला, "खाली वाराच नव्हता." तेवढ्यावर भागलं. वरच्या गावात त्याच्या शब्दावर शंका घेणारं कोण होतं?

पण मनाला ते पुरेना. जेवताना त्याला चिखलात उतरणारी बहीण दिसायची. मग तो वावडी घेऊन कड्यावर जायचा आणि इतकी उडवायचा, की हाताला फोड यायचे. लोक वाहवा करत. ती ऐकली की थोडा वेळ बरं वाटायचं.

एके दिवशी असाच तो कड्यावर होता. तहान लागली. झरा खडकाच्या आड होता. वावडी उतरवायचा कंटाळा आला, म्हणून त्यानं दोन्ही दोऱ्या बाभळीच्या एका खुंटाला बांधल्या आणि खाली वाकून पाणी पिऊ लागला. तेवढ्यात पलीकडच्या वाटेनं जाणाऱ्या दोन गवळ्यांचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

एक म्हणाला, "बघ, बघ. काय उडवतोय हैबती. जराही ढळत नाही."

दुसरा म्हणाला, "हात आहे त्याचा. असा हात पुन्हा होणार नाही."

हैबती तसाच ओणवा राहिला. ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळून गेलं. त्यानं खडकाआडून पाहिलं. वावडी आभाळात ताठ उभी होती आणि खुंट तिला उडवत होता.

त्या खुंटापाशी तो बराच वेळ बसला. गवळी निघून गेले होते. समोर कुणी नव्हतं, तरी त्याला आपलं तोंड पंच्यात लपवावंसं वाटलं. आजवर जे त्यानं आपलं म्हणून मिरवलं होतं, ते डोंगराचं होतं. आणि जे खरोखर त्याचं होतं, ते चिखलात पडणं, ते मात्र त्यानं बहिणीच्या पदरात टाकलं होतं.

पाऊसकाळ सरला आणि भात कापून झालं, तेव्हा तो खाली गेला. अक्का खळ्यावर धान्य पाखडत होती. तिनं सुपावरून मान वर केली.

"अक्का, मला शिकव," तो म्हणाला. आणखी पुष्कळ बोलायचं ठरवून आला होता, पण एवढंच बाहेर पडलं.

अक्कानं सूप खाली ठेवलं. "बस. आधी जेव," ती म्हणाली.

म्हातारीनं त्याला मायेनं वाढलं. वाढता वाढता म्हणाली, "तुझा काही दोष नाही रे बाबा. तू एवढा मोठा उडवणारा. हिच्या हाताला वळण नाही, त्याला तू काय करशील? मी तर आता हिला सुईला हातसुद्धा लावू देत नाही."

हैबतीचा घास तोंडात फिरू लागला. अक्का खाली मान घालून भाकरी मोडत होती. तिच्या अंगावरच्या चोळीची बाही उसवली होती, आणि ती तशीच होती. 'मावशी, खोटं बोललो मी,' हे म्हातारीला सांगायचे शब्द त्याच्या जिभेवर आले. त्यानं ते पाण्याबरोबर गिळले.

दुसऱ्या दिवशीपासून अक्का त्याला माळावर नेऊ लागली. तिनं नवऱ्याची ती पातळ वावडी त्याच्या हाती दिली.

"पाय रोवू नकोस," ती म्हणाली. "वर तुझ्यासाठी वारा चालतो. इथं तुला चालावं लागेल. मागं सरक. हळू. बघ, उठली."

वावडी उठली. हैबती मागं सरकत गेला, माळ संपला आणि तो कुंपणाला जाऊन आपटला. वावडी पडली.

"सगळाच माळ एकदम संपवलास," अक्का म्हणाली. "ती वर पोचली की पुढं यायचं. दोरी सैल सोडायची. तिला तरंगू द्यायचं. जेवढा माळ घेतलास तेवढा परत मिळव."

"सैल सोडली तर पडेल ना."

"ओढशील तर पडेल. सैल पडली की तुला भीती वाटते, आणि भ्यालास की ओढतोस. त्या दिवशीही तेच केलंस."

त्या दिवसाबद्दल ती तेवढंच बोलली. त्यानं मान खाली घातली.

शिकणं सोपं नव्हतं. ज्या हातांना हिसक्याची सवय, त्यांना बोटांनी ओढायला शिकायचं होतं. तो पाय अडखळून पडायचा, वावडी झुडपात अडकवायचा, उलटी पाडायचा. माळावरून गुरं नेणारे, तळ्यावर घागरी भरणाऱ्या बायका थांबून बघत. एक म्हातारा रोज यायचा, दगडावर बसायचा आणि म्हणायचा, "वरचा तो नावाजलेला म्हणतात तो हाच का?" हैबती म्हणायचा, "हो आजोबा, हाच." पहिल्यांदा हे म्हणताना त्याचा आवाज फुटला नव्हता.

हळूहळू त्याला त्या वाऱ्याची भाषा कळू लागली. पान हलायच्या आधी गालाला गारवा लागतो, तो कळू लागला. वावडी पडायच्या आधी दोरीतलं वजन कमी होतं, तेव्हा अर्धं पाऊल पुढं टाकायचं, तेही पायाला उमजलं. थंडी संपता संपता एका सकाळी त्यानं वावडी झाडांच्या शेंड्यावर नेली, एक गिरकी घ्यायला लावली, गवतापर्यंत वाकवली आणि पुन्हा वर उचलली. अक्का लांबून बघत होती. ती हसली. नवरा गेल्यावर ती पहिल्यांदाच हसली होती, आणि ते हसू बघून हैबतीला इतकी लाज वाटली, की त्यानं वावडी लगेच उतरवून घेतली.

चैत्र आला. ज्यांच्या घरचा निरोप राहिला असेल त्यांना दुसऱ्या वर्षी पुन्हा वावडी उडवायची मुभा होती. गाव माळावर जमला. हैबती निघाला तेव्हा त्याच्या मनात एकच विचार होता: आज वावडी वाकली की झालं. म्हातारीला लेकाचा निरोप मिळेल, ती अक्कावरचा राग विसरेल, मागचं सगळं आपोआप झाकलं जाईल. बोलायची गरजच पडणार नाही.

अक्कानं नवऱ्याच्या मुंडाशाचा दुसरा तुकडा आणि सुईदोरा घेतला. म्हातारीनं तिच्या हातातून तो काढून घेतला.

"तू नको," ती म्हणाली आणि तुकडा शेजारणीपुढं धरला. "तुझ्या हातचं एकदा झालं तेवढं पुरे. सोनूबाई, तू शिव गं. आज हैबतीला अपयश नको."

अक्काचे रिकामे हात तसेच पुढं राहिले. मग तिनं ते पदराखाली घेतले. सोनूबाईनं सुईत दोरा ओवला.

हैबतीला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. आज वावडी नीट वाकली, तर गाव म्हणेल, बघा, टाका बदलला आणि निरोप झाला. त्याचं खोटं कायमचं खरं होईल. जितकी सुंदर उडेल तितका अक्काचा दोष पक्का होईल.

"सोनूबाई, थांबा," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो म्हातारीकडे वळला. "मावशी, गेल्या वर्षी टाका सरळ होता. मला उडवता आली नाही. या वाऱ्यात मला उडवता येतच नव्हती, आणि अक्कानं आदल्या दिवशी ते मला सांगितलं होतं. मी पडलो आणि दोष तिच्यावर ढकलला. ती मला चिखलातून वावडी काढून देत होती, तेव्हाही मी गप्प राहिलो."

म्हातारीनं अक्काकडे पाहिलं.

"मग वर्षभर मी हिला बोलले ते?"

म्हातारी हैबतीच्या समोर येऊन उभी राहिली.

"उठता बसता बोलले. सणावारी बोलले. आणि तू माझ्या हातचं जेवत होतास." ती सुनेकडे वळली. "आणि तू गं? तू का नाही सांगितलंस?"

अक्का म्हणाली, "आत्याबाई, तुमचा लेक तर गेलाच होता. माझा भाऊ तरी मला चारचौघांत पाडायचा नव्हता."

ते ऐकून हैबतीला वाटलं, जमीन दुभंगावी. कुणी मारलं असतं तरी ते सोसलं असतं.

म्हातारीनं सोनूबाईकडून तुकडा परत घेतला आणि सुनेच्या हातावर ठेवला. "तूच शिव. आणि तूच उडव," ती म्हणाली.

अक्कानं पातळ वावडीवर तुकडा शिवला आणि माळाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पिंपळाची पानं हलत नव्हती. ती मागं सरकू लागली. वावडी उठली, शेंड्यांपर्यंत गेली, आणि नेमका तेव्हा होता तेवढा वाराही पडला. अक्काला आणखी मागं जावं लागलं. नजर आभाळात, पाठीमागं खडे, बांध, खाचखळगे. हैबती धावत तिच्या मागं गेला. त्यानं दोऱ्यांना हात लावला नाही. तो फक्त सांगत राहिला, "अक्का, डावीकडे दगड आहे. आता सपाट आहे, ये. बांध आला, पाय उचल." ती त्याच्या शब्दावर मागं चालत राहिली आणि वावडी तरंगत राहिली.

मग अक्का पुढं आली, दोऱ्या सैल सोडल्या, आणि वावडी वळून म्हातारीच्या समोर खाली आली. गवताच्या टोकांना टेकेल न टेकेल अशी वाकली. क्षणभर तिथं थांबली आणि वर उठली. म्हातारीनं हात जोडले. "जा बाबा, सुखानं जा," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

त्या दिवशी म्हातारीनं हैबतीला जेवायला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. पुढं कित्येक दिवस बोलली नाही. ही बातमी डोंगरावरही पोचली. काही जण हसले, काहींनी त्याला चारचौघांत मान देणं सोडलं. तो वर्षातला बराच काळ खालीच राहू लागला. ज्यांच्या घरी वावडी उडवणारं कुणी उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी तो माळावर उभा राही. कधी त्याची वावडी वाकायची, कधी पडायची. पडली की तो स्वतः चिखलात उतरायचा आणि वर येऊन म्हणायचा, "माझ्या हातून पडली. पुन्हा करतो." आणि लोक थांबायचे.

तेव्हा लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: पडल्याची लाज धुऊन निघते, पण आपलं पडणं दुसऱ्याच्या माथी मारल्याची लाज खरं बोलल्याशिवाय उतरत नाही.